मदत हवी आहे: पुण्यातल्या ट्रायडेंट मेपलला हिवाळी विश्रांती कशी द्यावी?

नमस्कार मंडळी,

माझा ट्रायडेंट मेपल (हिवाळ्यात पानं गाळून विसावणारं झाड) बोन्साय गच्चीवर आहे. डिसेंबर अर्धा सरला तरी झाड झोपायचं नाव घेत नाही. जुनी पानं कडेने करपलीत, पण देठ इतके घट्ट की हलकं ओढूनही सुटत नाहीत. आणि शेंड्याला लालसर कोंब येतच आहेत!

आपल्याकडे रात्री पारा 10-12 अंशांवर येतो, पण दुपारी पुन्हा 28-30. या झाडांना 7 अंशांखालची थंडी सलग काही आठवडे मिळाली तर ती नीट विसावतात आणि वसंतात जोमाने फुटतात. विश्रांतीच नाही मिळाली तर दरवर्षी फांद्या शेंड्याकडून वाळत जातात, याची मला खरी काळजी आहे.

नत्राचं खत ऑक्टोबरपासून बंद आहे, कुंडी रात्रीच्या दिव्यापासून लांब ठेवली आहे. पाणी कमी केलंय, पण माती कोरडी पडू देत नाही.

आता पानं हाताने काढावीत का? की त्याने उलट नवी पालवी सुटेल? दुसरा विचार फ्रिजचा: पानं उतरवून, मुळांभोवती ओलसर मॉस (शेवाळ) ठेवून, 3-4 अंशांवर सहा आठवडे. फळांमधून निघणारा इथिलीन वायू कळ्यांना घातक, म्हणून फ्रिज वेगळाच वापरेन. पण आतल्या कोरड्या हवेत बारीक फांद्या टिकतात का? आणि बाहेर काढल्यावर थेट फेब्रुवारीच्या उन्हात ठेवायचं की आधी सावलीत?

वड-उंबर लावा असं कृपया सुचवू नका, तेही आहेत माझ्याकडे. पुणे, नाशिक किंवा बेंगळुरूत मेपल वर्षानुवर्षं जगवलेल्यांनी जरूर लिहा.