सोलापूरच्या हवेत कोणतं सामान टिकलं? तुमचे अनुभव लिहा

पावसाळा तोंडावर आला की ट्रेकचं, वारीचं, माळावर फिरायचं सामान माळ्यावरून खाली येतं. आपल्याकडे पाऊस थोडा, पण वळीव येतो तो वाऱ्याविजांसकट. त्याआधी कित्येक आठवडे चाळिशीपार ऊन. दुकानदार काय म्हणतो ते राहू द्या, वापरून काय झालं ते सांगा. कंपन्यांची नावं नकोत.

गच्चीवाला
मावसभावाचा तंबू हरिश्चंद्रगडाला न्यायचा होता. उन्हाळाभर तो जुळे सोलापुरात पत्र्याच्या खोलीत कपाटावर पडून. उघडला तर आतून चिकट, हाताला काकवी लागावी तसा, आणि वास असा की वहिनींनी दार लावून घेतलं. कापडावरचा पाणी अडवणारा पॉलियुरेथेनचा लेप उष्णता आणि ओल मिळून असाच सुटतो. गेल्या ट्रेकनंतर तो ओलाच गुंडाळलेला, त्यात पत्र्याखालची भट्टी.

तरी गच्चीवर उभा केला, आत वर्तमानपत्रं अंथरली आणि पाइपने पाणी मारलं. (नळाला पाणी काही दिवसांआड येतं, त्यामुळे ही चाचणी पाण्याच्या दिवशीच. घरच्यांची बोलणी वेगळी.) वरून मारलं तेव्हा सगळं कोरडं. मग पाइप खाली धरून तिरका मारला, कारण घाटमाथ्यावर पाऊस आडवाच येतो. दहा मिनिटांत कोपऱ्यातल्या शिवणीखालचा कागद भिजला. शिवणीवरची पट्टी नखाने निघत होती. पिशवीवर ३००० मिमी छापलेलं. तेवढ्या उंचीचा पाण्याचा स्तंभ कापड अडवतं, एवढाच त्याचा अर्थ. शिवणीचं त्यात काहीच येत नाही.

माळावरची
नान्नजला माळढोक अभयारण्याच्या बाजूला आम्ही पक्षी बघायला जातो. सगळं गवताळ माळरान, त्यात सगळ्यात उंच आपणच, वर खांद्यावर कॅमेऱ्याची तिपाई. एप्रिलमध्ये दुपारी लांबवर ढग भरून आले. गडगडाट ऐकू आला तेव्हा डोक्यावर ऊनच होतं. गटातले एक काका म्हणाले, अजून लांब आहे. चमक दिसल्यापासून आवाज येईपर्यंत मोजलं तर पंचवीस सेकंद. तीन सेकंदांना एक किलोमीटर धरलं तर वीज जेमतेम आठ किलोमीटरवर. तिपाई मिटवून सरळ जीपमध्ये, काचा वर. बाभळीखाली नाही, राखणीच्या उघड्या खोपटातही नाही. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास कुणाला उतरू दिलं नाही. काका कुरकुरले, कुरकुरू द्या. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं ‘दामिनी’ ॲप फोनवर ठेवा, जवळपास वीज पडली की इशारा देतं.

बार्शी रोड
@माळावरची, रबरी चप्पल घातली की वीज लागत नाही म्हणतात, खरं का ओ?

माळावरची
नाही हो. एवढी हवा फोडून आलेल्या विजेला चपलेचं काय! गाडीत वाचवतो तो टायर नाही, चहूबाजूंचा पत्रा. आणि वीज पडलेल्या माणसाला हात लावायला घाबरू नका, त्याच्या अंगात करंट उरत नाही. श्वास थांबला असेल तर लगेच छाती दाबायला लागा आणि दुसऱ्याला १०८ लावायला सांगा.

पंढरीची वाट
मी वारीपुरतं सांगते. सोलापुरी चादर आपली लाडकी, पण वाटेवर नेऊ नये. सुती, एकदा भिजली की दिंडीच्या मुक्कामात वाळत नाही आणि ओझं दुप्पट. घोंगडीही जड होते, पण ओली झाली तरी ऊब सोडत नाही. डोक्यावरचा प्लास्टिकचा कागद वाऱ्याने उडतो आणि मागच्या बाईच्या तोंडावर बसतो. मी कागदाच्या कडेला कापडाची पट्टी दुमडून शिवते आणि त्यातून परकराचा नाडा ओवते. गळ्याशी बांधला की हात मोकळे. नवे बूट मात्र वारीतच पहिल्यांदा घालू नका, पाय ओले राहून फोड येतात.

मोहोळकर
सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदीचं पाणी चढलं तेव्हा भारी रेनकोट घालून पुलावरून दुचाकी घालू बघणारे पाहिलेत. फूटभर वाहतं पाणी चारचाकी तरंगवतं, तिथं दुचाकीची काय कथा. मागं फिरायचं, बस.

बार्शी रोड
मग गच्चीवाले, तंबू ठेवायचा कुठं? आमच्याकडं सगळीकडं पत्राच.

गच्चीवाला
पूर्ण वाळवून, सैल गुंडाळून दिवाणात. घरात त्यातल्या त्यात गार जागा तीच. दिवाण पाहुण्यांच्या गाद्यांनी भरलाय म्हणाल, तर तो वाद ज्याचा त्याने मिटवावा.