सौरज्वालेच्या गणितातून उष्णतावहन वगळायचं का?

क्षेत्ररेषा (धागालेखक)
सौरज्वालेची (सूर्यावरच्या अचानक स्फोटाची) सोपी गणितं बऱ्याचदा उष्णतावहन, म्हणजे उष्णतेचं पदार्थातून पुढे सरकणं, बाजूला ठेवून केली जातात. मला हे पटत नाही. पेटशेक या शास्त्रज्ञाने 1964 मध्ये मांडलेल्या चित्रात चुंबकीय रेषा तुटून नव्याने जोडल्या जातात, तिथून मंद शॉक (घनता आणि तापमान एकदम वाढवणाऱ्या संथ धक्का-लाटा) निघतात आणि चुंबकीय ऊर्जेची उष्णता मुख्यतः त्या शॉकमध्येच होते. शॉकमागचा प्लाझ्मा (इलेक्ट्रॉन सुटे झालेला तप्त वायू) कोटीभर केल्विनला पोचतो. पण त्याच रेषा शॉक ओलांडून पुढच्या थंड प्लाझ्मात गेलेल्या असतात, आणि एकाच तापमानाला इलेक्ट्रॉन प्रोटॉनच्या सुमारे 43 पट वेगाने धावतात. उष्णता शॉकला मागे टाकून पुढे जाणारच!

प्लाझ्मातल्या उष्णतावहनाच्या स्पिट्झर-हार्म सूत्रानुसार (1953) वाहकता तापमानाच्या अडीचाव्या घाताने वाढते. 10 लाखांवरून 1 कोटी केल्विनला गेलात की 316 पट. योकोयामा आणि शिबाता यांच्या 1997 च्या संगणकीय प्रतिकृतीत मंद शॉक चक्क दुभंगला: पुढे उष्णतेची आघाडी, मागे समतापी (तापमान न बदलणारा) शॉक. इतका फरक पडत असेल तर वहन वगळायचं कशाच्या जोरावर?

ताळेबंद
असहमत. वस्तुमान, संवेग आणि ऊर्जा शॉकच्या दोन्ही बाजूंना जुळलीच पाहिजेत. वहनामुळे शॉक रुंद होतो, पुढचा प्लाझ्मा आधीच तापतो, हे मान्य. पण दूरवरच्या दोन्ही अवस्था त्याच राहतात. शिवाय साध्या पद्धतीने वहन सोडवायला गेलं तर संगणकातल्या जाळीचं घर निम्मं केलं की वेळेची पायरी चौथाई होते. विद्यार्थ्याचे महिने त्यातच जातात.

क्षेत्ररेषा
हा हिशोब जुळतो तो उष्णता शॉकच्या परिसरातच राहिली तर. इथे रेषेचं टोक खाली वर्णमंडलात (सूर्याच्या पृष्ठभागालगतच्या थंड, दाट थरात) रुतलेलं आहे. उष्णता तिथे उतरते, दाट वायू तापून वर चढतो आणि चुंबकीय रेषांची कमान भरते. शॉकच्या वाट्याची ऊर्जा निघूनच गेली ना! चुंबकीय दाब क्षणभर विसरून साधा वायू घ्या. मॅक 3 च्या (त्या त्या स्थितीतल्या ध्वनिवेगाच्या तिप्पट वेगाच्या) शॉकमध्ये उष्णता आत राहिली तर घनता 3 पट होते, तापमान स्थिर राहिलं तर 9 पट. पद्धत महाग आहे म्हणून उत्तर बदलत नाही.

दीर्घिकाप्रेमी
दोघांनाही विचारतो, स्पिट्झरची पूर्ण वाहकता धरायचा आग्रह का? एबेल 2142 या दीर्घिका-समूहात चंद्रा दुर्बिणीला उष्ण आणि थंड वायूमधली धारदार सीमा दिसली. एट्टोरी आणि फेबियन यांनी 2000 साली हिशोब केला: ती टिकायची तर वहन 250 ते 2500 पटींनी कमी हवं. वहन घातलं म्हणजे गणित खरं झालं असं नाही.

क्षेत्ररेषा
उदाहरण चांगलं आहे, पण दिशा बघा. तिथे चुंबकीय रेषा सीमेवर पांघरल्यासारख्या असतात, उष्णतेला त्या आडव्या ओलांडाव्या लागतात. ज्वालेत ती रेषेच्या लांबीनेच जाते. मात्र सूत्राला वरची मर्यादा हवी, हे मान्य. इलेक्ट्रॉन आपल्या वेगापेक्षा जास्त वेगाने उष्णता नेऊ शकत नाहीत.

ताळेबंद
पुरावा कुठला? आदित्य-एल1 वरची, पुण्याच्या आयुकाच्या पुढाकाराने झालेली सूट दुर्बीण ज्वालेच्या पायथ्याचा उजेड अतिनील किरणांत टिपते. पण तो उजेड वेगवान इलेक्ट्रॉनांच्या झोतांनीही होतो. 13 जानेवारी 1992 च्या ज्वालेत योहकोह या जपानी सौरयानाला कमानीच्या माथ्यावर आणि पायथ्यांशी कठीण (जास्त ऊर्जेचे) क्ष-किरण दिसले, ते झोतांचेच लक्षण. वहनाचा वेगळा ठसा दाखवा, मग बोलू.

क्षेत्ररेषा
मग कठीण क्ष-किरण ओसरल्यानंतरची मिनिटं बघा. झोत संपलेले असतात, तरी पायथ्यातून तापलेला वायू हळूहळू वर येतच राहतो. त्याला उष्णता कोण पुरवतं?