वर्गात मुलं बोलतच नाहीत, काय करू?

पहिलीच्या_बाई:
नमस्कार. डहाणू तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत पहिली-दुसरीला शिकवते. मूळची साताऱ्याकडची. मुलं वारली समाजाची, घरी वारलीच बोलतात. मैदानात नुसता कल्ला असतो, तारपा या फुंकून वाजवायच्या वाद्याची नक्कल करून नाचतात. मी फळ्याजवळ उभी राहून "चित्रात काय दिसतं?" विचारलं की सगळी खाली बघतात. शब्दपट्ट्या, तक्ते, मोबाइलवरची गाणी, सगळं करून झालं. दोघं-तिघं बोलतात, तीही माझंच वाक्य परत म्हणतात. शिकवणं ही कला आहे, असं प्रत्येक प्रशिक्षणात ऐकते. ती वर्गात करायची कशी?

जुना_मास्तर:
बाई, चित्रात काय आहे ते तुम्हाला दिसतंय, हे मुलांना कळतं. त्यामुळे तो प्रश्न त्यांना परीक्षाच वाटतो. ज्याचं उत्तर तुम्हाला खरोखर ठाऊक नाही, ते विचारा. तुम्ही घाटावरच्या. भाताच्या खाचरात खेकड्याचं बीळ कसं ओळखतात, हे विचारा की! तेही जमिनीवर, त्यांच्यात बसून.

एखादं पोर वारलीत सांगेल, दुसरं हातवारे करील. सांगेल तस्संच फळ्यावर लिहा, तिथल्या तिथे सुधारू नका. मग शब्दाखाली बोट फिरवत वाचून दाखवा. आपण बोललो ते फळ्यावर उमटलं, हे पाहणाऱ्या मुलाचा चेहरा बघाच तुम्ही. 'ख' त्यातूनच काढा, 'ब' त्यातूनच. पुस्तकी मराठीतलं वाक्य दुसऱ्या दिवशी त्याच्याखाली लिहा. दोन्ही राहू द्या.

असा धडा आधी लिहून ठेवता येत नाही, पण तयारी दुप्पट लागते. काल कोण गप्प होतं, कुणाच्या घरी बाळ झालंय, कुठलं अक्षर कुणाला अजून चकवतंय, हे सगळं मनात घेऊन बसायचं आणि मूल जे बोलेल त्यातून वाट काढायची. मी कला म्हणतो ती हीच. गाणी-नाच पुढचं.

किनारपट्टी:
डहाणूतच आहात तर कोसबाडला जाऊन या. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, १९५७ मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर नेलं. माँटेसरीची साधनं महाग, म्हणून शिंपले, बिया, खडे, पानं घेतली. मुलं शाळेत येईनात, तर पाड्यावरच्या अंगणातच बालवाडी भरवली. गुरं राखणाऱ्यांसाठी कुरणशाळा काढली. साधनांचं कौतुक सगळे करतात. मला मात्र त्या मुलांच्या दारात गेल्या, हे जास्त मोलाचं वाटतं.

दुहेरी_वर्ग:
मास्तरांचं पटतं, पण दोन इयत्ता एकत्र, पोषण आहाराच्या नोंदी, ऑनलाइन माहिती, यात बसायला वेळ कुठून आणायचा? आमच्याकडे दिवाळीनंतर कितीतरी मुलं आईबापांसोबत वीटभट्टीवर जातात. जमत आलेलं नातं तिथेच तुटतं. बाई, यात तुमच्या कलेचं उणं काही नाही.

मी एक करते. दुसरीला बांबूच्या काड्या देऊन दहा-दहाचे गठ्ठे बांधायला बसवते, तेवढ्यात पहिलीत जाऊन बसते. दुसरीचाही फायदा होतो. 'एकोणतीस' ऐकलं की मुलं तीन लिहायला जातात. दोन गठ्ठे, नऊ सुट्या हातात धरल्या की २९ बरोबर लिहितात.

पहिलीच्या_बाई:
खेकड्याचं विचारलं! कोपऱ्यात बसणारी एक मुलगी उठून पुढे आली. बिळाच्या तोंडाशी ताज्या ओल्या मातीच्या गोळ्या असल्या तरच हात घालायचा, म्हणाली. मग बाकीचे तिला थांबूच देईनात. पण वारलीतले काही शब्द कसे लिहायचे, तेच मला कळेना.

जुना_मास्तर:
दोन-तीन तऱ्हांनी लिहा आणि प्रत्येक वाचून दाखवा. कुठलं बरोबर वाटतं ते त्या मुलीलाच ठरवू द्या.