लिलियाना ब्लेन-क्रूझ: कौतुक नेमकं कशाचं?

अमेरिकन नाट्यदिग्दर्शिका लिलियाना ब्लेन-क्रूझला समीक्षक केवळ लॅटिना (लॅटिन अमेरिकी वंशाची) म्हणून डोक्यावर घेतात, असं काहींचं मत आहे. मला ते पटत नाही. तिची पोर्तो रिकन-हैतियन पार्श्वभूमी बातम्यांत आधी येते हे खरं, पण काम बघा ना!

२०२२ मध्ये तिने न्यूयॉर्कच्या लिंकन सेंटरमध्ये अमेरिकन नाटककार थॉर्नटन वाइल्डरचं 'द स्किन ऑफ अवर टीथ' केलं. नाटक १९४२चं, आणि करायला महाकठीण. पहिल्या अंकात हिमयुग, दुसऱ्यात प्रलय, तिसऱ्यात युद्धानंतरचा काळ, आणि कुटुंब मात्र तेच. तिने हे अँट्रोबस कुटुंब कृष्णवर्णीय केलं. मूळ संहितेतला डायनासोर आणि मॅमथ भल्यामोठ्या कठपुतळ्यांच्या रूपात थेट दिवाणखान्यात आणले. निर्वासितांना जागा हवी म्हणून याच प्राण्यांना बाहेर थंडीत हाकलतात. तोवर प्रेक्षकांचा त्यांच्यावर जीव जडलेला असतो, त्यामुळे ते हाकलणं मनाला लागतं. नुसती चमत्कृती असती तर हसून विसरलो असतो.

प्रयोग लांबलचक होता, पसरटही. ती तक्रार रास्तच आहे. पण वेशभूषेला टोनी (ब्रॉडवेचा मानाचा नाट्यपुरस्कार) मिळालं, दिग्दर्शनासाठी तिला नामांकन होतं. पुरस्कार 'द लेहमन ट्रिलजी'साठी नामवंत दिग्दर्शक सॅम मेंडिसने नेला, आता त्याच्यापुढे कोण काय बोलणार!

२०२४ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराने संगीतकार जॉन अ‍ॅडम्सचं 'एल निन्यो' दिग्दर्शनासाठी तिच्याकडे सोपवलं. एवढा मोठा रंगमंच कुणी आडनाव बघून देत नाही.