‘मायनॉरिटी लीडर’ला मराठीत काय म्हणावं?

कातरणवाला:
परदेशी बातम्यांची भाषांतरं करतो. मागे एकदा रात्री साडेअकराच्या घाईत ‘सेनेटमधील अल्पसंख्याक नेते मिच मॅकॉनेल’ असं लिहून मोकळा झालो. सकाळी एका वाचककाकांचा फोन. “अहो, हे गृहस्थ केंटकीचे, गोरेपान. अल्पसंख्याक कसे? पारशी आहेत का?” तेव्हापासून ‘अल्पमतातल्या पक्षाचे नेते’ लिहितो, पण ते मथळ्यात मावत नाही. ‘विरोधी पक्षनेता’ म्हणावं तर अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष एका पक्षाचा आणि सभागृहात बहुमत दुसऱ्याचं, असं सर्रास होतं. सुटसुटीत शब्द सुचवा.

जुनी पाटी:
‘अल्पमत गटनेता’. गटनेता आपल्या विधिमंडळात रुळलेला आहे. आणि जाता जाता, ‘अल्पसंख्यांक’ असं टिंब देऊन लिहू नका बुवा. अल्पसंख्या अधिक ‘क’, एवढंच आहे. ‘अंक’ तिथे फुकट घुसतो.

न्यूजर्सीकर:
काकांचा प्रश्न बिनतोड, पण हकीम जेफ्रीज आले की तो उलटतो. २०२३ पासून ते प्रतिनिधिगृहात डेमोक्रॅट पक्षाचे अल्पमत गटनेते, आणि संसदेत एखाद्या पक्षाचं नेतृत्व करणारे पहिले कृष्णवर्णीय. म्हणजे मायनॉरिटी दोन्ही अर्थांनी. इंग्रजीला एकच शब्द पुरतो, आपल्याला दोन वापरावे लागतात, आणि माझ्या मते ते बरंच आहे.

भोचक:
मग ‘मेजॉरिटी-मायनॉरिटी डिस्ट्रिक्ट’चं काय करणार? बहुसंख्य अल्पसंख्याक?

जुनी पाटी:
‘-बहुल’ कशाला आहे? आदिवासीबहुल तालुका म्हणतो, तसा कृष्णवर्णीयबहुल मतदारसंघ. जमात कोणती तेही त्यातच कळतं.

भोचक:
मान्य. पण ‘रेस’ला वंश म्हणायचं की वर्ण? (‘शर्यत’ म्हणणारं यंत्र मी पाहिलंय, ते सोडा.) बातमीत ‘कृष्णवर्णीय’ असतं आणि त्याच वाक्यात ‘वांशिक भेदभाव’.

न्यूजर्सीकर:
हा घोळ मराठीचा नाही, तिथलाच आहे. १९२०, ३० आणि ४० च्या अमेरिकी जनगणनेत ‘हिंदू’ ही एक रेस होती. शीख, मुसलमान, सगळे त्याच रकान्यात. भगतसिंग थिंड हे पंजाबातले शीख, पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्यात होते. बाहेरून आलेल्यांत नागरिकत्व तेव्हा ‘गोऱ्या’ किंवा आफ्रिकी वंशाच्या माणसालाच मिळे. थिंड म्हणाले, मी उच्चवर्णीय, आर्य, म्हणून कॉकेशियन (तेव्हाचं शास्त्र गोऱ्यांना ज्या वंशात धरे तो), म्हणून गोरा. त्याआधी तीनच महिने सर्वोच्च न्यायालयाने नागरिकत्व मागणाऱ्या जपानी ओझावांना ‘तुम्ही कॉकेशियन नाही’ म्हणून नाकारलं होतं. १९२३ मध्ये थिंडना सांगितलं, शास्त्र काही म्हणो, सामान्य माणसाच्या लेखी तुम्ही गोरे नाही. पहिल्या निकालात वंश पाहिला, दुसऱ्यात वर्ण. तेव्हा कागदोपत्री ‘वंश’ लिहावं आणि माणसांच्या वागण्याबद्दल लिहिताना ‘वर्ण’. ‘वर्णद्वेष’ हा शब्द म्हणूनच नेमका बसतो. थिंडचा युक्तिवाद मात्र वाचायला नको वाटतो; आपली उतरंड खिशात घालून तिकडच्या उतरंडीत वरची पायरी मागायची!

कातरणवाला:
आता माझी खरी अडचण. ‘पार्टिझन’. आमच्याकडे सर्रास ‘पक्षपाती’ छापतात.

जुनी पाटी:
चूक. पक्षपाती म्हणजे एकाची बाजू घेणारा पंच, किंवा धाकट्याला जास्त लाडू वाढणारी आजी. पक्षावरून ठरतं ते ‘पक्षीय’.

न्यूजर्सीकर:
आणि या चुकीने बातमीच बुडते. मतदारसंघांच्या सीमा वंश बघून आखल्या तर न्यायालय रद्द करू शकतं. पण पक्षाचा फायदा बघून आखल्या तर तो प्रश्न केंद्रीय न्यायालयांचा नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये ठरवलं. साउथ कॅरोलायनात चार्ल्स्टनमधले सुमारे ३० हजार कृष्णवर्णीय रहिवासी एका मतदारसंघातून दुसऱ्यात टाकले गेले. आखणारे म्हणाले, आम्ही वर्ण नाही, डेमोक्रॅट मतं पाहिली. २०२४ मध्ये न्यायालयाने सहा विरुद्ध तीन असं ते मानलं: वंश आणि राजकारण वेगळं करून दाखवणं हे तक्रारदाराचं काम. आता दहातले साधारण नऊ कृष्णवर्णीय मतदार डेमोक्रॅटांना मत देत असतील, तर ते वेगळं करायचं कसं? तुम्ही ‘पक्षपाती फेररचना’ लिहिलीत तर वाचकाला वाटेल, पक्षपात सिद्ध झाला, मग सुटले कसे? ते सुटले ‘पक्षीय’ या शब्दावर.

भोचक:
आणि अशा सीमा आखण्याला, म्हणजे खुद्द ‘जेरीमँडरिंग’ला? ‘सोयीची फेररचना’ फारच सभ्य वाटतं.

जुनी पाटी:
१८१२ मध्ये मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर एल्ब्रिज गेरी यांच्या काळात एक मतदारसंघ सॅलमँडरसारखा वाकडातिकडा निघाला, त्यावरून हा शब्द. गेरीसाहेब आपलं नाव ‘ग’ने उच्चारत, लोकांनी ‘ज’ केला. आपल्या पथ्यावरच पडलं. मतदाराला जेरीस आणते ती जेरीमँडरिंग. तसंच ठेवा.

कातरणवाला:
ठरलं. आज रात्री ‘अल्पमत गटनेते जेफ्रीज’ आणि ‘पक्षीय जेरीमँडरिंग’. काकांचा फोन आला तर इथला दुवा देतो.