‘हॅमर्ड’ नाण्याला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न : इंग्लंडच्या ट्यूडर राजांच्या सोन्याच्या नाण्यांवर लेख लिहिते आहे. ‘हॅमर्ड’साठी ‘आहत’ चालेल का? आणि ‘सॉव्हरिन’ला ‘सार्वभौम’ म्हणू का?

प्रतिसाद : ‘आहत’ नको. आहत नाणी म्हटलं की जनपदकाळातली चांदीची नाणी आठवतात, एकेक चिन्ह वेगळ्या ठशाने उमटवलेली. लंडन टॉवरच्या टाकसाळीतली रीत वेगळी होती. खालचा ठसा ठोकळ्यात पक्का, त्यावर सोन्याची चकती, वरचा ठसा हातात धरून त्यावर हातोडा. दोन्ही बाजू एकदमच उमटत. मराठीत नाणं ‘पाडतात’च, तेव्हा ‘हातोड्याने पाडलेलं नाणं’ लिहावं. आपली शिवराईही अशीच पाडलेली.

प्रतिसाद : सॉव्हरिन तसंच ठेवा, ते नाण्याचं नाव आहे. पण अर्थ चित्रातून जरूर उलगडा. पहिला ट्यूडर राजा सातव्या हेन्रीने १४८९ मध्ये ते काढलं, तोवर पौंड फक्त हिशेबात होता. २० शिलिंगांचं, सुमारे साडेपंधरा ग्रॅमचं हे पहिलं पौंडाचं नाणं. पुढच्या बाजूला राजा सिंहासनावर आपल्याकडे तोंड करून बसलेला, हाती राजदंड आणि राजसत्तेची खूण असलेला गोळा. मागच्या बाजूला भला मोठा दुहेरी गुलाब, मधोमध राजचिन्हाची ढाल. लँकेस्टर घराण्याचा लाल आणि यॉर्क घराण्याचा पांढरा गुलाब यांचा हा मिलाफ. १४८६ मध्ये लँकेस्टर पक्षाच्या हेन्रीने यॉर्कच्या एलिझाबेथशी लग्न केलं, त्याची ही खूण. सोन्यावर रंग कुठून दाखवणार? म्हणून पाकळ्यांच्या आत पाकळ्या कोरल्या. मला या नाण्यातली ही युक्ती सर्वांत सुंदर वाटते. ‘दुहेरी’ शब्द गाळू नका.

प्रश्न : खूप आभार. ‘एंजल’ आणि ‘पोर्टकलिस’चं काय?

प्रतिसाद : एंजल हे सोन्याच्या नाण्याचं नाव चौथ्या एडवर्डच्या काळापासूनचं, तेही राहू द्या. वर्णनात ‘ड्रॅगनला भाल्याने मारणारा देवदूत मायकेल’ म्हणा. मागच्या बाजूला जहाज, त्याची डोलकाठी म्हणजे क्रूस. गंडमाळेच्या (मानेवरच्या गाठींच्या) रोग्याला बरं वाटावं म्हणून राजा स्पर्श करी आणि हेच नाणं गळ्यात घाली, हेही लेखात येऊ द्या.

पोर्टकलिस म्हणजे किल्ल्याच्या दरवाजात वरून खाली सोडायची जाळी. आठव्या हेन्रीच्या काही सॉव्हरिनांवर ती राजाच्या पायाशी दिसते. नुसतं ‘दार’ लिहिलंत तर अर्थ जाईल, कारण ती बोफर्ट घराण्याची खूण, आणि सातव्या हेन्रीची आई मार्गारेट त्याच घराण्यातली. ‘जाळीदार दरवाजा’ लिहा.