मदत हवी आहे: फ्लेमिंगोंसाठी कोणती लेन्स घेऊ?

नमस्कार मंडळी. मी नेरुळला राहते. गेली दोन वर्षं टी. एस. चाणक्य या नौवहन प्रशिक्षण संस्थेजवळच्या पाणथळीवर आणि ऐरोलीच्या बोटीतून फ्लेमिंगोंचे फोटो काढतेय. कॅमेरा कॅननचा, क्रॉप सेन्सर (म्हणजे फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सर), २४ मेगापिक्सेल, लेन्स ५५-२५० मिमी. भरतीला पक्षी काठाजवळ येतात तेव्हा भागतं, पण ओहोटीला ते चिखलात लांब पांगतात. मग फोटो कापून रुंदी-उंची दोन्ही निम्मी करावी लागते आणि हातात जेमतेम ६ मेगापिक्सेल उरतात. ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) १० इंचांपेक्षा मोठी प्रिंट निघत नाही, आणि ओळखीच्या एका काकांना दवाखान्यात लावायला १२ बाय १८ इंची हवी आहे! माझा विकला जाणारा हा पहिलाच फोटो, त्यामुळे पिक्सेल फुटलेला द्यायचा नाही.

वापरलेली १५०-६०० घ्यावी का? वजन जवळपास २ किलो. हलत्या बोटीत हातात धरून जमतं का? की १००-४०० बरी? ठाण्यात किंवा वाशीला लेन्स भाड्याने कुठे मिळते? आधी दोन दिवस वापरून बघेन. जुन्या लेन्समधली बुरशी कशी ओळखायची?

आणि प्रिंटचे किती सांगू? नुसता छपाईचा खर्च घ्यायला मन होत नाही, त्यामागे कितीतरी पहाटा आहेत.